तळघरातला आकडा

टोइवोला, मिशिगन
२५ एप्रिल १९८२

प्रिय तायमी,

इथं अजून बर्फ आहे. कोठाराच्या सावलीत तर गुडघाभर. तू तिकडे मिलवॉकीत ट्यूलिप बघत असशील. मी माझ्या सासऱ्यांचं तोंड बघतोय, आणि ओन्नींचं तोंड कसं असतं ते तू आमच्या लग्नात पाहिलंयस.

खाणीनं घरी बसवल्याला सोळा आठवडे झाले. पहिला आठवडा मी नुसता झोपलो. मग झोप येईनाशी झाली आणि मी कामं काढत सुटलो. खुर्ची करायला घेतली, स्नोमोबाईलचं इंजिन उघडलं, पोस्टानं रेडिओदुरुस्तीचा वर्ग लावला. खुर्चीला बूड नाही. इंजिन कोठाराच्या जमिनीवर पसरलंय. रेडिओचा चौथा धडा अजून पाकिटातच आहे. घरात मी या खिडकीतून त्या खिडकीत जातो आणि ओन्नी आपल्या खुर्चीतून मान न हलवता नुसते डोळे फिरवतात.

आता खरं सांगतो, कशासाठी लिहितोय ते. एल्माला मार्क्वेटच्या इस्पितळात नोकरी सांगून आलीय. तिथलं सगळं स्वयंपाकघर तिच्या हाताखाली. एक जुलैपर्यंत कळवायचंय, आणि राहायला जागा केवढी लागेल तेही, म्हणजे ते लोक बघून ठेवतील. मी म्हटलं, "मग कळव की!" तर ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "कळवते. पण दोघांची जागा सांगू की एकटीची, ते मला ठरवता येत नाहीये."

मी हसलो. ती हसली नाही.

म्हणाली, "अरविड, मला नोकरीवाला नवरा नको. खाण काही तू बंद केली नाहीस. पण तू एखादी गोष्ट शेवटापर्यंत नेलेली मला एकदा बघायचीय. कुठलीही."

तर मी बिअर करणार आहे. हसू नकोस. हॅनकॉकच्या हार्डवेअरच्या दुकानात माल्टच्या अर्काचा डबा मिळाला, त्यावर यीस्टची पुडी चिकटवलेली. आता घरी बिअर करणं कायद्यात बसतं. युहान्नुसच्या सणाला, म्हणजे सव्वीस जूनला, तळ्याकाठी जाळ पेटेल तेव्हा मी सगळ्यांना माझी बिअर पाजीन. खाणीतल्या पोरांना सांगूनही टाकलंय. तू बावीस वर्षं ब्रुअरीच्या लॅबमध्ये आहेस. मला सांग कसं करायचं ते.

एकच अडचण. ओन्नी दारूबंदीच्या सभेचे सभासद आहेत, वयाच्या सतराव्या वर्षापासून. शपथेचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावलाय, त्याच्याखाली त्यांची खुर्ची आणि खुर्चीच्या वर टेलिफोन. तेव्हा फोन करू नकोस. लिही.

तुझा
अरविड

---

मिलवॉकी
३० एप्रिल

अरविड,

हसले. मग दोनदा वाचलं आणि हसू गेलं.

डब्यावरच्या कागदात काय लिहिलंय ते मला न बघता ठाऊक आहे. "सात दिवसांत बाटलीबंद करा." तो कागद चुलीत घाल. मी सांगते तसं कर.

पहिलं म्हणजे स्वच्छता. जे जे म्हणून बिअरला लागणार आहे ते आधी धुवायचं, मग ब्लीचच्या पाण्यात बुडवायचं, मग उकळत्या पाण्यानं विसळायचं. आपली आई दुधाची भांडी करायची तसं. तू केलं होतंस तसं नाही.

दुसरं. माल्ट उकळताना भांड्यापासून हलायचं नाही. तू हलशील, म्हणून लिहितेय.

तिसरं. सोबत एक काचेचा तरंगता काटा पाठवतेय, लोकरी मोज्यांत गुंडाळून. साध्या पाण्यात तो शून्य दाखवतो. गोड माल्टात वर उचलला जातो, तुझ्या डब्याला चाळीस-पंचेचाळीसपर्यंत. यीस्ट साखर खात जातं तसा आकडा उतरतो. बारापर्यंत उतरला आणि तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा तोच आला, की झालं. त्याआधी बाटली भरायची नाही. बुडबुडे थांबले, चव बरी लागली, शेजारी काय म्हणाला, यातलं काही मोजायचं नाही. आमच्या लॅबमध्ये मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगते, की तुमचं मत घरी ठेवून या, इथं काट्याला विचारायचं.

एल्मा शहाणी बाई आहे. तिला त्रास देऊ नकोस.

तायमी

---

टोइवोला
१० मे

प्रिय तायमी,

झालं! म्हणजे सुरू झालं. काटा अखंड पोचला. लॅबवाल्यांनी तो कसा काय घरी नेऊ दिला तुला? मोजे ओन्नींनी ढापले.

काल ओन्नी चर्चला गेले तेव्हा चूल पेटवली. मी भांड्यापासून हललो नाही. फक्त एकदा दारात गेलो, गाडी आली का बघायला. तेवढ्यात सगळं उतू गेलं. एल्माच्या चुलीवर, चुलीखाली, फडताळाच्या फटीत, सगळीकडे काळा चिकटा. दोघांनी गुडघ्यांवर बसून खरवडलं. ती म्हणाली, "तायमीनं काय लिहिलं होतं?" मी म्हटलं, "हलू नकोस." ती म्हणाली, "मग?" मी आणखी जोरानं खरवडायला लागलो. पण तिनं हसून माझ्या नाकाला चिकटा लावला, तेव्हा दिवस वाईट गेला नाही.

ओन्नी आले, दारातच नाक वर केलं. "जळतंय काय?" मी म्हटलं, "पॅनकेकचा पाक." म्हणाले, "कोणाच्या? पलटणीच्या?" आणि खुर्चीत बसले.

आकडा चव्वेचाळीस. बादली तळघरात बटाट्यांच्या खणाशेजारी ठेवलीय. ओन्नींचे गुडघे गेल्यापासून ते तो जिना उतरत नाहीत. झाकणाच्या नळीतून आज सकाळी पहिला बुडबुडा आला. मी बादलीपुढे पालथी पाटी टाकून बसलो आणि मोजले. मिनिटाला चार. जेवणानंतर सहा. मग वाटलं आत काय चाललंय बघावं, म्हणून झाकण उघडलं. फेस आहे, तपकिरी, वासही बरा. संध्याकाळी परत एकदा बघितलं.

वाट बघणं हे काम आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खाणीत काही नाही तर खोदायचं तरी असायचं.

अरविड

---

मिलवॉकी
१५ मे

अरविड,

झाकण उघडायचं नाही! आजारी माणसाच्या अंगावरचं पांघरूण दर तासाला काढून तो बरा झाला का बघतोस का? हवेतलं काहीबाही आत पडेल आणि तुझी बिअर व्हिनेगर होईल. आठवड्यातून एकदा, काटा बुडवण्यापुरतं, हात धुऊन.

आणि तळघरात ऊब किती, थंडी किती, ते लिही. थर्मामीटर लाव. तुमच्याकडच्या तळघरांत जूनमध्येही बटाट्यांना कोंब फुटत नाहीत हे मला आठवतंय. यीस्ट थंडीत मरत नाही, झोपतं. झोपलेलं यीस्ट आणि जेवून तृप्त झालेलं यीस्ट बाहेरून सारखंच दिसतं. फरक काट्यालाच कळतो.

इथं सगळं ठीक. कामाची गडबड.

तायमी

---

टोइवोला
२४ मे

प्रिय तायमी,

बुडबुडे गुरुवारपासून बंद. थर्मामीटर लावला, पन्नास अंश फॅरनहाइट, म्हणजे गारठाच. आणि आता ऐक. आकडा बारा. गुरुवारी बारा, आज बारा. म्हणजे तू म्हणालीस तस्संच, दोनदा, तीन दिवसांच्या वर अंतरानं.

एल्माला सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे झालं?" मी म्हटलं, "झालं. आता फक्त बाटल्या." तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "छान." गेल्या कित्येक महिन्यांत ती मला छान म्हणाली नव्हती. मी तिथूनच बाटल्या गोळा करायला निघालो. विल्होच्या खानावळीच्या मागे ढीग पडलेला असतो.

शनिवारी भरतो. युहान्नुसपर्यंत चार आठवडे मिळतील.

तुझा यशस्वी भाऊ
अरविड

---

मिलवॉकी
२९ मे

अरविड,

अभिनंदन करणार होते, पण हात थांबला.

पन्नास अंशात, दोन आठवड्यांत, चव्वेचाळीसचे बारा? डब्यावरच्या पुडीतल्या यीस्टनं? असं होऊच शकत नाही असं मी म्हणत नाही. पण मी पाहिलेलं नाही. तू काटा नीट वाचलास ना? उजेडात, डोळा पाण्याच्या पातळीला लावून?

परत एकदा मोज. बारा आला तर माझा कान धर. पण वीस-बावीस आला तर भरू नकोस. साखर शिल्लक असताना बाटली बंद केली आणि बाटलीला ऊब मिळाली, तर यीस्ट जागं होतं आणि उरलेलं सगळं एका दमात खायला बसतं. मग काच टिकत नाही. तुझ्या चुकीचं मला काही वाटणार नाही. मला फक्त जो दिसतो तो आकडा कळव.

तायमी

---

टोइवोला
८ जून

प्रिय तायमी,

तुझं पत्र आलं तोवर बाटल्या भरून झाल्या होत्या. एल्मानं टोपणं लावली, मी नळी धरली. सत्तेचाळीस. रांगेत उभ्या केल्यावर आम्ही दोघं जिन्यावर बसून नुसतं बघत राहिलो.

पण शनिवारी एक उघडून बघितली तर फुस्ससुद्धा नाही. गोडसर पाणी. युहान्नुसला अठरा दिवस उरले आणि मी खाणीतल्या पन्नास माणसांना काय साबणाचं पाणी देऊ?

मग डोकं चाललं. तूच लिहिलंस ना की थंडीत यीस्ट झोपतं? तर त्याला उठवायचं. या घरात गरम जागा एकच आहे. काल ओन्नींचा डोळा लागला होता तेव्हा सगळ्या बाटल्या अंगणातल्या सॉनाच्या न्हाणीघरात नेल्या. आतल्या वाफेच्या खोलीत नाही, एवढा मी खुळा नाही. बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत, बाकाखाली, वर पोतं. पत्र्याच्या छपरानं दिवसाही ऊब असते. आणि शनिवारी ओन्नी सॉना तापवतात तेव्हा तर भिंत इतकी गरम होते की हात टेकववत नाही. एका शनिवारात काम होईल.

आकड्याचं म्हणशील तर, आता तो बाटल्यांत गेला. झालं गेलं.

तुझा
अरविड

---

मिलवॉकी
शनिवार, १२ जून, संध्याकाळ

अरविड,

तुझं पत्र आज दुपारच्या टपालानं आलं. तू करू नकोस म्हणालेला असताना मी फोन केला हे तुला एव्हाना कळलं असेल. दुसरं काय करणार होते? तुमच्याकडे चार वाजले होते आणि आज शनिवार आहे.

ओन्नींनी उचलला. मी म्हटलं, "मी अरविडची बहीण, तायमी." ते म्हणाले, "तो हॅनकॉकला गेलाय. एल्मापण." मी म्हटलं, "ओन्नी, आज सॉना तापवू नका." ते म्हणाले, "शनिवार आहे." मी म्हटलं, "माहीत आहे." ते म्हणाले, "दोनला पेटवलाय."

अरविड, आपल्या फिनिश माणसाला शनिवारी सॉना तापवू नको म्हणून सांगायचं तर कुणी मेलंय असं तरी सांगावं लागतं, नाहीतर खरं. मी खरं सांगितलं. बाकाखाली बिअरच्या बाटल्या आहेत, त्या फुटतील, आत पाऊल टाकू नका. विस्तव विझवायलासुद्धा जाऊ नका. ते म्हणाले, "कोणाची बिअर?" मी म्हटलं, "अरविडची." त्यांनी विचारलं, "फुटतील हे तुला तिथं बसून कसं कळलं?" मी म्हटलं, "त्यानं आकडा खोटा कळवलाय असं मला वाटतं."

त्यांनी फोन ठेवला. नंतर मी चार वेळा लावला, कुणी उचलत नाही. आता सात वाजलेत. मी उभ्यानंच लिहितेय, बसवत नाही. तुझं गुपित मी फोडलं, त्याबद्दल काय बोलायचं ते बोल. पण आधी मला कळव, ते आत गेले का?

तायमी

---

टोइवोला
१४ जून

तायमी,

ते आत गेले नाहीत. कुणाला काही झालं नाही. हे आधी.

आम्ही साडेचारला परतलो तर ओन्नी अंगणात लाकूड फोडायच्या ओंडक्यावर बसलेले, सॉनाकडे तोंड करून, हातात खिशातलं घड्याळ. मी गाडीतून उतरतोय तोच आतून बंदुकीसारखा आवाज आला. एल्मा किंचाळली. ओन्नी म्हणाले, "एकोणीस."

आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो. ते मोजत होते. सहा वाजता चौतीसवर थांबलं. दार उघडलं ते काल सकाळी. बाकाची फळी उभी चिरलीय. काचा दारात रुतल्यात, छताच्या तक्तपोशीत रुतल्यात. तायमी, ओन्नी शनिवारी दुपारीच आपले धुतलेले कपडे खुंटीवर लावून ठेवतात. एल्मानं त्यांचा सदरा काढला आणि उजेडात धरला. पाठीच्या जागी चाळण झाली होती. पाचला ते त्याच बाकावर बसून बूट काढत असतात. तिनं सदऱ्याची घडी घातली, काचांसकट, आणि माझ्या हातात दिला.

मग तिनं विचारलं, तायमीला कसं कळलं. तेव्हा मला सांगावं लागलं. आकडा चोवीस होता. गुरुवारी चोवीस, सोमवारी चोवीस. तू लिहिलं होतंस बारा यायला हवा, म्हणून मी बारा लिहिला. मला वाटलं, बाराच असणार, काटा अडकला असेल. नाही, हेही खोटं. मला वाटलं काही नाही. मला फक्त झालं म्हणायचं होतं. चार महिने मी झालं म्हटलं नव्हतं.

एल्मा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाटल्या फुटल्या त्याचं काही नाही. पण तू तुझ्या बहिणीला खोटं लिहिलंस, जिला तूच विचारायला गेला होतास. मग मला तू आजवर काय काय सांगितलं असशील?" ती रात्री तिच्या बहिणीच्या, सायमीच्या, शेतावर झोपायला गेली. आज परत आलीय, पण कामापुरतं बोलते.

ओन्नींचं मात्र मला अजून उलगडत नाही. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "तुमच्या घरात दारू केली. चुकलं." ते म्हणाले, "ती तू प्यायची की नाही ते तुझं आणि देवाचं. आकड्याचं माझ्याशी बोल." तुला माहीत नसेल, ते एकतीस वर्षं सहकारी डेअरीत दूध तपासायला होते. सगळ्या पंचक्रोशीच्या दुधात काटा बुडवायचे. सख्ख्या भावाच्या दुधात पाणी सापडलं तेव्हा त्याचा कॅन सगळ्यांदेखत परत पाठवला. भाऊ मरेपर्यंत बोलला नाही.

मला म्हणाले, "परत करणार आहेस?" मी म्हटलं, "माहीत नाही." "करायची तर तळघरातच कर. माझ्या स्वयंपाकघरात नाही. आणि काटा मी वाचीन."

मी काय करू? मला तर ती बादली बघवत नाही. आणि हातपाय एका जागी राहत नाहीत. दोन दिवस मी रस्त्यानं नुसता चालतोय.

अरविड

---

मिलवॉकी
१८ जून

अरविड,

तुझं पत्र टपालपेटीपाशीच उभी राहून वाचलं आणि तिथंच पायरीवर बसले. तो सदरा डोळ्यांपुढून हलत नाही.

खूप बोलणार होते तुला. दोन पानं लिहून फाडली. कारण लिहिताना लक्षात आलं की मी हे ज्या तोंडानं बोलतेय ते तोंड कुठं स्वच्छ आहे?

ब्रुअरी मार्चमध्ये बंद झाली. लॅब, भट्ट्या, बाटल्यांची लाईन, सगळं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला घरी बसून सात आठवडे झाले होते. तू लिहिलंस, "तू लॅबमध्ये आहेस," आणि मी दुरुस्त केलं नाही. वर लिहिलं, "नव्या मुलींना सांगते," "कामाची गडबड." कसली गडबड? सकाळी साडेसहाला उठते, डबा भरते, आणि तो स्वयंपाकघरातच बसून खाते. तो काटा शेवटच्या दिवशी मी कोटाच्या बाहीतून आणला. बावीस वर्षांत एक पेन्सिल घरी आणली नव्हती.

तुझी पत्रं येत होती तेवढे दिवस मला कुणीतरी काहीतरी विचारत होतं. म्हणून खरं सांगवलं नाही. तू झालं म्हणायला उतावीळ झालास आणि मी अजून चाललंय म्हणायला. आपण दोघं एकाच आईची.

परत कर. ओन्नींना वाचू दे. जून आहे, तळघर थोडं उबदार झालं असेल, तरी बादलीभोवती घोंगडी गुंडाळ. युहान्नुसला होणार नाही. तोंडघशी पडशील, पड.

हे पत्र एल्माला दाखवायचं असेल तर माझी हरकत नाही.

तायमी

---

टोइवोला
२३ जून

तायमी,

अरविडनं तुमचं पत्र मला वाचायला दिलं. पाकिटासकट टेबलावर ठेवलं आणि बाहेर निघून गेला. सहा वर्षांत त्यानं मला त्याला आलेलं एकही पत्र आपणहून दिलं नव्हतं. तुमच्या नोकरीचं वाचून वाईट वाटलं.

त्यानं नवी बादली भरलीय, या सोमवारी. यावेळी उतू गेलं नाही. तो आणि माझे बाबा रोज जेवणानंतर तळघरात जातात. बाबा एकेक पायरी दोन्ही पायांनी उतरतात, मला बघवत नाही, पण हात धरू देत नाहीत. डेअरीतली पद्धत चालू केलीय. आधी अरविड काटा बघतो आणि चिठ्ठीवर आकडा लिहून घडी घालतो. मग बाबा बघतात आणि मोठ्यानं सांगतात. मग चिठ्ठी उघडायची. बाबांनी तुळईवर पेन्सिलीनं तारखा टाकल्यात.

मी वरून ऐकते. मला त्या बिअरशी काही देणंघेणं नाही. पण बाबा आकडा सांगतात आणि चिठ्ठी उघडल्याचा आवाज येतो, त्या मधल्या वेळात माझ्या हातातलं काम थांबतं. मार्क्वेटवाल्यांना पुढच्या गुरुवारी कळवायचंय. तो तुमचा भाऊ आहे, तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. तो बदलेल का, असं विचारणार होते. मग वाटलं, तुम्ही सांगाल ते तुमचं मत. ते घरी ठेवा म्हणून तुम्हीच लिहिलं होतंत ना, अरविडनं सांगितलं? विचारत नाही.

एल्मा

---

टोइवोला
३० जून

प्रिय तायमी,

युहान्नुस झाला. जाळ मोठा पेटला, डास त्याहून मोठे. खाणीतले सगळे आले होते, रिकामे मग घेऊन. मी एका ओंडक्यावर चढलो आणि सांगितलं की बिअर नाही. विल्हो ओरडला, "का रे, सासऱ्यानं प्यायली?" मी म्हटलं, "नाही. मी आकडा खोटा लिहिला आणि सॉना उडवला." आधी कुणी हसलं नाही, मग जे हसले ते अजून हसतायत. आता गावात मला बघितलं की लोक कान झाकून खाली बसतात. मी बसू देतो. एल्मा जाळाच्या पलीकडे उभी होती, तिचं तोंड मला दिसलं नाही.

नवीन बादलीचं सांगतो. पंचेचाळीसवर सुरू केली. रोज उतरत होती, छत्तीस, तीस, सव्वीस. ओन्नी "सव्वीस" म्हणायचे, मी चिठ्ठी उघडायचो, सव्वीस. एकदा त्यांनी सत्तावीस म्हटलं आणि माझ्या चिठ्ठीत सव्वीस. माझा जीव गेला. त्यांनी चष्मा पुसला, परत वाकले, तब्बल पाच मिनिटं. मग म्हणाले, "सव्वीस. माझी चूक." आणि तुळईवरचा सात खोडून सहा केला, खोडलेला दिसेल असा.

सोमवारी बावीस. काल बावीस. आज परत जेवणानंतर गेलो. मी काटा बुडवला, दिवा जवळ धरला. बावीस. अडकली, तायमी. घोंगडी गुंडाळूनही अडकली. उद्या एल्माचं उत्तर जायचंय आणि माझ्या हातात पेन्सिल. मी तुला खोटं सांगत नाही, बोटं आपोआप एकाकडे वळत होती. एकवीस. फक्त एकानं कमी. हलतेय असं तरी दिसलं असतं. ओन्नींचे डोळे आता अधू आहेत, सत्तावीस वाचलंच होतं त्यांनी. त्यांनी बावीस म्हटलं असतं आणि मी एकवीसवर हटून बसलो असतो, तर त्यांनी चष्मा पुसून माझंच खरं मानलं असतं, असं मला वाटून गेलं. मग वाटलं, हा माणूस गुडघे धरून सोळा पायऱ्या उतरून येतो तो कशासाठी?

बावीस लिहिलं. घडी घातली.

ओन्नी वाकले. श्वास जड येत होता. "बावीस," म्हणाले. चिठ्ठी उघडली. त्यांनी तुळईवर लिहिलं आणि तारीख टाकली. मग माझ्याकडे न बघता वर जिन्याकडे तोंड करून, डेअरीत ओरडायचे तसे ओरडले, "एल्मा! त्याचा आणि माझा एकच!"

वरून तिचा आवाज आला, "किती?"

मी म्हटलं, "बावीस. तीन दिवस बावीसच आहे. अडकलीय. पुढं काय करायचं ते मला माहीत नाही. तायमीला विचारतो."

तेच तर विचारायला लिहायला बसलोय. काय करू? हलवू? वर आणू? नवं यीस्ट घालू? घाई नाही. तुला वेळ असेल, आणि मला माहीत आहे की आहे, तर इथंच ये आणि डोळ्यांनी बघ. ओन्नी म्हणतात, "फोनवरच्या बाईला बघायचंय."

मी हे लिहितोय आणि एल्मा समोर बसून मार्क्वेटचं पत्र लिहितेय. एकाच दिव्याखाली, दौतीसारखं मधे मीठ. मी मान वर करत नव्हतो. विचारायचंही नाही असं ठरवलं होतं. बराच वेळ तिचं पेन थांबलेलं होतं. आत्ता तिनं विचारलं,

"अरविड, जागेला तळघर हवं म्हणून लिहू का?"

अरविड